बाळाची उतरंड

अमरावती जिल्ह्यात मोर्शी हे तालुक्याचे गाव आहे. मोर्शी व वरूड हा भाग संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. वऱ्हाडातील अशा गावांत, शेतकऱ्यांच्या जुन्या घरी, एका कोपऱ्यात मातीच्या भांड्यांची उतरंड असे. तळाशी मोठा डेरा, त्यावर मडके, मडक्यावर गाडगे आणि सर्वांच्या वर इवलेसे बोळके. एकात डाळ, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात पुढील हंगामाचे बियाणे. थोड्या जागेत पुष्कळ जिन्नस राहावे आणि वरच्या भांड्याने खालच्या भांड्याचे तोंड झाकले जावे, अशी ही सोय होती. धातूचे डबे आले आणि उतरंड मागे पडली. परंतु घरातील सर्वांत लहान माणसाने मात्र ती सोडलेली नाही. रांगत्या बाळापुढे चार वाट्या ठेवून पाहा. थोड्याच दिवसांत ते एकीवर दुसरी ठेवू लागते.

बाळाची ही हौस जाणूनच जगभर रचण्याची खेळणी तयार झाली. कोठे बैठकीवर उभी दांडी असते व तीत लहानमोठी रंगीत कडी ओवावयाची असतात. कोठे एकात एक बसणारे पेले असतात. ते पालथे घातले म्हणजे त्यांचाच मनोरा होतो. कोठे नुसते लाकडी ठोकळे असतात. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर अशी खेळणी लाकडाची करितात. लाकूड यंत्रावर गरगर फिरत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा चकचकीत थर बसतो. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणीही अशीच नावाजलेली आहेत.

मोठ्या माणसास ठोकळ्यावर ठोकळा ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते. बाळास मात्र त्यासाठी फार काही शिकावे लागते. सहा-सात महिन्यांचे मूल वस्तू हाती येताच तोंडात घालते, आपटते अथवा फेकून देते. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ते वस्तू धरू लागते. पण धरण्यापेक्षा सोडणे अवघड! नेमक्या जागी, नेमक्या क्षणी, धक्का न लावता बोटे उघडणे हे कौशल्य त्यास हळूहळूच साधते. सामान्यतः दीड वर्षाचे मूल तीन ठोकळे रचते, दोन वर्षांचे सहा, तर तीन वर्षांचे नऊपर्यंत मजल मारते. अर्थात सर्व मुले सारख्याच गतीने वाढत नाहीत. कोणी आधी रचील, कोणी मागाहून.

या खेळण्याचा मोठा गुण असा, की ते न रागावता चूक दाखविते. दांडी बुडाशी जाड आणि शेंड्याशी बारीक असेल, तर लहान छिद्राचे कडे आधी घालताच ते वरच अडकते. मोठा पेला लहान पेल्यात शिरत नाही. मग मूल थांबते, न्याहाळते, कडे काढते आणि दुसरे घेऊन पाहते. ‘चुकले’ असे त्यास कोणी सांगावे लागत नाही.

इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत लहान मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या साधनांपैकी एक म्हणजे गुलाबी मनोरा. त्यात लाकडाचे दहा घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू १ सेंटिमीटर, तर सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर. दहाही रचले म्हणजे मनोरा ५५ सेंटिमीटर उंच होतो. मोठ्या घनाची बाजू धाकट्याच्या दहापट. पण त्याचे घनफळ किती पट? गणित करून पाहा: हजारपट! सर्व घनांचा रंग एकच ठेवलेला असतो, म्हणजे मुलाचे लक्ष केवळ लहानमोठेपणाकडे लागते.

ही साधने महाग होती. खेड्यातील गरीब मुलांनी काय करावे? या प्रश्नाचा ध्यास ताराबाई मोडक यांनी घेतला. विवाहानंतर काही काळ त्या अमरावतीस राहत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे आणि १९५७ साली कोसबाड येथे आपले कार्य नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बिया, पाने, शिंपले, माती अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यांनी शिक्षणाची साधने बनविली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे ठरवून त्यांनी अंगणवाडी चालविली. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले.

मनोरा रचताना मूल नकळत पदार्थविज्ञानाचाही धडा गिरविते. प्रत्येक वस्तूचा भार जणू एका बिंदूत एकवटलेला असतो. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून गवंड्याचा ओळंबा सोडला अशी कल्पना करा. ओळंबा पायाच्या आत पडला, तर मनोरा उभा राहतो. बाहेर गेला, तर कोसळतो. उतरंडीत मोठे भांडे तळाशी ठेवण्याचे कारण हेच. संत्री विकणाराही तळाची रास रुंद ठेवतो आणि खालच्या फळांमधील खळग्यांत वरचे फळ बसवितो.

तुमच्या धाकट्या भावंडासाठी अशी उतरंड घरीच करता येईल. पुठ्ठ्याची लहानमोठी रिकामी खोकी, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, घरातील वाट्या एवढे पुरे. मात्र काळजी घ्यावी. कोणतीही वस्तू बाळाच्या मुठीहून लहान नसावी. ती घशात अडकून प्राणावर बेतू शकते. म्हणून बिया व गोट्या तान्ह्या मुलांपासून दूरच ठेवाव्या. वस्तूस धार अथवा कुसळ नसावी आणि तिचा रंग सुटू नये.

आणखी एक काळजी आहे, आणि तीच सर्वांत कठीण. बाळाचे कडे चुकीच्या जागी बसले, की ताई-दादांचे हात शिवशिवतात. ते कडे ओढून घेतात आणि क्षणात सारी रास नीट लावून देतात. रास नीट होते खरी. पण बाळाच्या हाती काय उरते? जे त्याला शिकावयाचे होते, ते दुसऱ्यानेच करून टाकले! मनोरा पडला तर पडू द्यावा. बाळ क्षणभर पाहील, कदाचित खदखदून हसेल आणि पहिला ठोकळा पुन्हा उचलील. त्या वेळी जवळ बसून शांतपणे पाहत राहणे, हीच त्यास मोठी मदत होय.