दोन नियमांचा कलह

समजा, काशीतील एका अभ्यासकाने वर्षभर खपून संस्कृत हस्तलिखितांची एक यादी संगणकावर उतरवली आहे. नावे हजारो, परंतु ती जशी हाती आली तशी नोंदलेली. आता ती वर्णानुक्रमे लावावीत म्हणून तो टर्मिनल उघडतो. नावे लावण्याची 'सॉर्ट' ही आज्ञा तो लिहितो, तिच्यापुढे फाईलचे नाव 'यादी' असे लिहितो, आणि निकाल त्याच फाईलमध्ये साठवला जावा म्हणून बाणाचे चिन्ह काढून पुन्हा 'यादी' हेच नाव देतो. एंटरची कळ दाबतो. यंत्र कसलीही तक्रार करीत नाही. फाईल उघडून पाहावी, तो ती रिकामी! वर्षाचे श्रम निमिषात नाहीसे झालेले असतात, आणि टर्मिनलवर पुसलेली गोष्ट कचरापेटीतही सापडत नाही.

चूक कोठे झाली? सॉर्ट ही आज्ञा बरोबर आहे. बाणाचे चिन्हही बरोबर आहे. फाईलच्या नावात एका अक्षराचा फरक नाही. चूक आहे ती क्रमाच्या समजुतीत. अभ्यासकाला वाटले, यंत्र डावीकडून वाचील: आधी यादी वाचून लावील आणि मग लिहील. प्रत्यक्षात टर्मिनलवरील आज्ञांचा अर्थ लावणारा जो दुभाषा, ज्याला 'शेल' म्हणतात, तो आधी बाणाकडे पाहतो. बाण दिसताच निकालासाठी फाईल कोरी करून ठेवतो, आणि मग सॉर्टला पाचारण करतो. सॉर्टच्या पुढ्यात येते ती कोरी पाटी. किंबहुना 'सॉर्ट' हा शब्दच चुकीचा लिहिला आणि अशी आज्ञा नाही असे उत्तर आले, तरीही फाईल पुसली गेलेलीच असते.

प्रत्येक नियम निर्दोष असावा आणि त्यांच्या एकत्र येण्याने अनर्थ व्हावा, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. याच काशीत, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, एका महाराष्ट्रीय पंडिताने त्याचा कसून विचार केला. त्यांचे नाव नागोजीभट्ट अथवा नागेशभट्ट, आडनाव काळे. वडील शिवभट्ट, आई सती. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरी दीक्षित हे त्यांचे गुरू, आणि शृंगवेरपूरचा राजा राम हा आश्रयदाता. जयपूरच्या सवाई जयसिंगाने यज्ञाला बोलावले असता, काशी न सोडण्याचे व्रत असल्यामुळे त्यांनी नकार दिला, अशी कथा सांगतात. आपले ग्रंथ हीच आपली अपत्ये, 'शब्देंदुशेखर' हा पुत्र आणि 'मंजूषा' ही कन्या, असे मात्र त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्यांच्या 'परिभाषेंदुशेखर' या ग्रंथाचा विषय शब्द नव्हे. नियमांनी आपापसांत कसे वागावे, हा आहे. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रे म्हणजे शब्द घडवणारी एक यंत्रशाळाच. एकाच ठिकाणी दोन सूत्रे हक्क सांगू लागली, तर कोणाचे मानावे? शाळेत पाठ केलेले 'रामेभ्यः' हे रूप घ्या. 'राम' या शब्दापुढे 'भ्यस्' हा प्रत्यय आला. एक सूत्र म्हणते, शेवटचा अ दीर्घ करा, म्हणजे 'रामाभ्यः'. लगेच पुढचे सूत्र म्हणते, बहुवचनात त्या अ चा ए करा, म्हणजे 'रामेभ्यः'. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात अशा तंट्यासाठी निवाडा सांगितला आहे. परंपरेने त्याचा अर्थ असा घेतला की, तुल्यबळ नियमांत जो सूत्रपाठात नंतरचा, तो जिंकतो.

पण एवढ्याने भागत नाही. 'तुद्' या धातूपुढे 'ति' आला असता एक नियम म्हणतो, उ चा ओ करा. दुसरा म्हणतो, मध्ये अ घाला. ओ करणारा नियम सूत्रपाठात नंतरचा. त्याला आधी सोडले, तर 'तोदति' असे अशुद्ध रूप होईल. येथे परंपरा वेगळाच प्रश्न विचारते: दुसरा नियम आधी लागला, तरी तुझे काम उरते काय? अ घालणाऱ्याचे काम उरते. ओ करणाऱ्याचे उरत नाही, कारण मध्ये आलेला तो अ त्याला अटकाव करतो. जो कोणत्याही परिस्थितीत लागणारच, तो 'नित्य', त्याला अग्रमान. म्हणून 'तुदति'. शेलमधला बाण हा असाच नित्य आहे: सॉर्ट चालो वा न चालो, तो आपले काम करणारच.

नित्याहून बलवान 'अंतरंग', म्हणजे ज्याची निमित्ते शब्दाच्या अधिक आत आहेत तो. आणि सर्वांवर 'अपवाद'. अपवादासाठी पंडितांचा दृष्टांत मोठा घरगुती आहे. सर्व ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक वाढा, असे यजमानाने सांगितले. कौंडिण्यही ब्राह्मणच, तरी त्याला दही मिळत नाही.

संगणकाच्या जगात अशा परिभाषा प्रत्येक घरच्या निराळ्या, आणि नवशिक्याची निम्मी फजिती तेथेच होते. आज्ञेचा कार्यक्रम कोणत्या फोल्डरांत शोधायचा, याची शेलजवळ एक ओळीने यादी असते. तिला 'पाथ' म्हणतात. तेथे जो आधी सापडेल तो खरा. म्हणून नवी आवृत्ती बसवूनही जुनीच चालू राहते, आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो. याउलट वेबपृष्ठाची सजावट सांगणाऱ्या 'सीएसएस'मध्ये विशेष नियम सामान्याला हटवतो, आणि दोघे सारखेच असतील तर नंतरचा जिंकतो. ही तर जवळजवळ पाणिनीय व्यवस्थाच झाली.

पाणिनीच्या शेवटच्या तीन पादांची, म्हणजे त्रिपादीची, योजना याहून सूक्ष्म आहे. तेथील नियमांनी केलेले काम आधीच्या सूत्रांना दिसतच नाही; ते 'असिद्ध' असते. 'विष्णो' आणि 'इह' जवळ आले की 'विष्णव् इह' होते, आणि त्रिपादीतील नियमाने व् विकल्पाने गळतो: 'विष्ण इह'. आता अ आणि इ शेजारी आले, तेव्हा संधी होऊन 'विष्णेह' व्हावे. पण संधीच्या सूत्राच्या लेखी व् अजून तेथेच आहे. नेमकी हीच गोष्ट बॅश या शेलमध्ये घडते. महिरपी कंसात १ आणि ५ हे आकडे व मध्ये दोन टिंबे लिहिली, तर त्याचे एक ते पाच असे पाच आकडे होतात. मात्र ५ च्या जागी एखादे चलपद घातले, तर पाच आकड्यांऐवजी कंसासकट एकच तुकडा मिळतो. कारण कंस उलगडण्याची पायरी आधीची, चलपदाची किंमत भरण्याची नंतरची. किंमत भरली जाते, पण ती मागच्या पायरीला दिसत नाही.

त्यानंतरची पायरी मोकळ्या जागेवर शब्द तोडण्याची. चलपदात 'नवी यादी' असे फाईलचे नाव आहे, आणि ते अवतरणचिन्हांवाचून पुसण्याच्या आज्ञेला दिले, तर शेल त्याचे दोन तुकडे करतो. 'नवी' सापडत नाही. 'यादी' नावाची निराळी फाईल असल्यास ती मात्र पुसली जाते. चलपदाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली की हे तोडणे थांबते.

अशा वेळी पुष्कळांचा कल असतो तो आणखी एक अपवाद जोडून वेळ मारून नेण्याचा. नागेशांची परंपरा याबाबतीत कडक आहे. सूत्रात एखादे अक्षर फुकटचे दिसले, तर ते काढून टाकायचे नसते. ते कोणत्या न सांगितलेल्या तत्त्वाची खूण आहे, हे शोधायचे असते. अशा खुणेला 'ज्ञापक' म्हणतात. जुन्या प्रोग्रॅममधील निरर्थक वाटणारी ओळ उडवण्यापूर्वी हा प्रश्न विचारला असता, तर कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या!

नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी या ग्रंथावर 'गदा' ही टीका लिहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रांट्स कीलहॉर्न यांनी १८६८ साली मूळ ग्रंथ संपादिला आणि १८७४ पर्यंत त्याचे इंग्रजी भाषांतर पुरे केले. १९८५ साली अमेरिकेत रिक ब्रिग्ज यांनी संगणकात ज्ञान कसे मांडावे यावरील लेखात नागेशांच्या वाक्यार्थविचाराचा आधार घेतला. त्यावरून संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरली, असे जे सर्रास सांगितले जाते, ते मात्र त्या लेखाच्या पलीकडचे आहे. वाद अजून मिटलेला नाही. २०२२ साली केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांनी असे मांडले की, पाणिनीच्या त्या निवाड्यातील 'पर' म्हणजे सूत्रपाठात नंतरचा नव्हे, तर शब्दाच्या उजव्या बाजूवर लागणारा नियम. तसे मानले तर मागाहून रचलेल्या पुष्कळ परिभाषांची गरजच उरत नाही. सर्व वैयाकरणांना हे पटलेले नाही.

काशीच्या पाठशाळांत विद्यार्थ्याने रूप चुकवले, तर गुरुजी त्याला नुसते बरोबर रूप सांगत नाहीत. सूत्रामागून सूत्र लावून सिद्धी करायला लावतात. शेलकडूनही ती करवून घेता येते. 'सेट' या आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि 'एक्स' हे इंग्रजी अक्षर दिले की, त्यानंतरची प्रत्येक आज्ञा सर्व पायऱ्या ओलांडल्यावर कशी दिसते, ते शेल चालवण्यापूर्वी छापून दाखवतो. बाण मात्र त्यात दिसत नाही. त्या अभ्यासकाला त्याच फाईलमध्ये निकाल हवाच असेल, तर बाण सोडून सॉर्टचाच 'ओ' हा पर्याय वापरावा. त्यात फाईल शेल उघडत नाही, सॉर्ट स्वतः उघडतो, आणि तोही सगळी यादी वाचून झाल्यावर.