ब्रोकर: व्हॅनमध्ये जमलेलं कुटुंब

जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांचा ‘ब्रोकर’ (२०२२) हा कोरियन सिनेमा अजून पाहिला नसेल, तर आवर्जून पाहा!

बुसानमधल्या चर्चच्या ‘बेबी बॉक्स’मध्ये (सांभाळता न येणारं बाळ सोडून जाण्याची पेटी) ठेवलेली बाळं गुपचूप विकणारे दोघे, बाळासाठी परत आलेली आई आणि गाडीत लपून बसलेला अनाथाश्रमातला पोरगा जुनाट व्हॅनमधून निघतात. मागावर दोन महिला पोलीस. कार वॉशमध्ये पोरगा खिडकी उघडतो, सगळे भिजतात आणि खळखळून हसतात. इथे ही माणसं एका घरातली वाटायला लागतात.

सोलमधल्या एका चर्चमध्ये २००९ पासून असा बॉक्स खरोखरच आहे.

सोंग कांग-हो यांना या सिनेमातल्या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले कोरियन अभिनेते.

आईला दोष देण्याआधी तिच्या पाठीशी कोण होतं, हे हा सिनेमा विचारायला लावतो.