विस्मरण : वार्धक्य कीं व्याधि?

शिरूर-दौंडकडील एकत्र कुटुंबांत वडील माणसांचें विस्मरण बहुधा झांकलें जातें. सून हिशेब सांभाळते, नातू बाजारांत हात धरतो. ही माया खरी. परंतु तिच्या आड व्याधि लपते, असें आम्हांस वाटतें. एखादें नांव क्षणभर न आठवणें हें वयाचें लक्षण. पण रोजचा हिशेब चुकूं लागला, दौंड स्टेशनावरून घरची वाट उमगेना, किंवा स्वभाव पालटला, तर डॉक्टरांस दाखवावें. ते प्रथम थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, बहिरेपणा व खिन्नता पाहतात. यांवर उपाय आहेत. शंका उरल्यास स्मृति, भाषा व अवधान यांची मानसशास्त्रीय चाचणी करवितात. तींत वय व शिक्षण जमेस धरतात. अकस्मात् वाचा अडखळल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गांठावें. एरव्हीं, केव्हांपासून काय चुकतें याचें टिपण, वडिलांचा मान राखून, सोबत न्यावें.