लघवीच्या जागेची आग, अंगातलं रक्त आणि पाळीचं वय



आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, त्याला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. कुणी म्हणतं 'खाली आग होते', कुणी म्हणतं 'लघवीची जागा चरचरते', आणि बऱ्याच जणी काहीच म्हणत नाहीत. घरात माणसं असतील तर रेडिओचा आवाज थोडा कमी करा, पण बंद करू नका.

आधी जागा नीट समजून घेऊ. मांड्यांच्या मध्ये बाहेरून दिसणारे दोन मोठे ओठ, त्यांच्या आतले दोन लहान ओठ, लघवीचं छिद्र आणि योनीचं तोंड, हा सगळा झाला योनीचा बाहेरचा भाग. इथली त्वचा तोंडातल्या त्वचेसारखी नाजूक असते. इथे आग, खाज, टोचणं, चिरल्यासारखं वाटणं किंवा संबंधाच्या वेळी कळ येणं हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर ते जुनाट दुखणं झालं. ते आपोआप जाईल म्हणून वाट पाहायची नाही.

याची कारणं पुष्कळ आहेत. जंतू किंवा बुरशी, रक्तातली वाढलेली साखर, त्वचेचे आजार, नसांचं दुखणं. त्यांची तपासणी व्हायलाच हवी. पण दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आपल्या गावांमध्ये घरोघरी असतात आणि या दुखण्याच्या वेळी मात्र कुणी विचारत नाही. एक, अंगातलं लोह. दुसरी, इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन.

लोहाचं पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९ ते २०२१ या काळात असं दिसलं की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी म्हणजे दम लागतो, चक्कर येते, हे आपल्याला माहीत आहे. पण लोह नुसतं रक्तालाच लागत नाही. त्वचा सतत झिजते आणि नवी बनते, त्यालाही लोह लागतं. म्हणून लोह कमी झालं की तोंडाचे कोपरे चिरतात, जीभ सोलल्यासारखी गुळगुळीत होऊन झोंबते, केस गळतात, अंगाला खाज सुटते. हाच परिणाम खालच्या नाजूक त्वचेवरही होऊ शकतो. खाज सुटते, आपण खाजवतो, त्वचा सोलते आणि सोललेली त्वचा लवकर भरून येत नाही. म्हणूनच ही जागा खूप दिवस लाल आणि खाजरी राहिली असेल, तर अंगातला लोहाचा साठा तपासून घेणं उपयोगाचं असतं.

साठा हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण हिमोग्लोबिन तपासतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. पण हिमोग्लोबिन म्हणजे पिठाचा डबा. कणगीतलं धान्य संपत आलं तरी डबा काही दिवस भरलेला दिसतोच. कणगी किती भरली आहे ते कळतं फेरिटिन नावाच्या तपासणीतून. हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा आणि खाज जात नसेल, तर ही तपासणी करता येईल का, असं डॉक्टरांना जरूर विचारा.

आता हार्मोनचं. इस्ट्रोजेन आपल्या अंडाशयात बनतं. योनीची त्वचा जाड, लवचिक आणि ओलसर ठेवणं हे त्याचं काम. त्याच्यामुळेच तिथे चांगले जंतू टिकतात आणि वाईट जंतूंना हटवतात. इस्ट्रोजेन कमी झालं की त्वचा पातळ होते, कोरडी पडते. लघवी लागली की झोंबते, संबंधाच्या वेळी चिरा पडतात, लघवीला वारंवार जावं लागतं. पुष्कळ जणींना वाटतं की हा गरमीचा त्रास आहे. मग थंड पदार्थ खाऊन पाहतात, पण ओलावा काही परत येत नाही.

इस्ट्रोजेन कधी कमी होतं? पाळी जायच्या वेळी आणि त्यानंतर कायमचं. बाळ अंगावर पीत असताना तात्पुरतं. आणि ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं काढली तर एकदम.

या दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी कशा गाठतात, ते बघा. बाळंतपणात रक्त जातं, लोह खाली येतं, आणि लगेच अंगावर पाजणं सुरू होतं, म्हणजे इस्ट्रोजेनही कमी. टाके भरून आले तरी आग का राहते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. त्यासाठी बाळाला पाजणं थांबवायचं नाही. पाळी पुन्हा सुरू झाली की हा कोरडेपणा सहसा जातो. तोवर लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. दुसरी वेळ चाळिशीनंतरची. पाळी जाण्याआधी हार्मोन वरखाली होतात, त्यामुळे कधी दोन-दोन महिने पाळी येत नाही आणि आली की कापडावर कापड भिजतं. चार-पाच वर्षं असं रक्त गेलं की कणगी रिकामी होते. आणि पाळी गेली की मागोमाग कोरडेपणा येतो. आधीच कमजोर झालेल्या त्वचेवर तो येतो, म्हणून जास्त जाचतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अंगावरून पांढरं जातं, खाली आग होते, एवढ्यावरून 'पिशवी काढून टाका' असा सल्ला अनेकींना मिळाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेली, हा विषय २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला आणि सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. बाहेरच्या त्वचेची आग पिशवी काढल्याने जात नाही, कारण ती पिशवीची नसतेच. उलट पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेलेल्या बाईसारखी अवस्था होते. कोरडेपणा वाढतो, हाडं लवकर ठिसूळ होतात. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, ते वेगळं. पण कुणी ऑपरेशन सांगितलं तर दोन प्रश्न विचारा. कशासाठी काढताय? अंडाशयं ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तारीख घेऊ नका.

दवाखान्यात जाताना चार गोष्टी मनात जुळवून जा. आग नेमकी कुठे होते, केव्हापासून, कशाने वाढते, आणि आजवर कोणतं मलम लावलं. पाळी कशी येते, बाळ पितं का, ऑपरेशन झालंय का, हेही सांगा. बोलायला जड जात असेल तर आशाताईंना सोबत न्या, बाई डॉक्टर हव्यात म्हणून सांगा. न बघता, नुसतं ऐकून औषध दिलं तर 'एकदा तपासून बघा' असं म्हणायला संकोच करू नका. रक्ताची आणि साखरेची तपासणी करून घ्या. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी बंद होत आली असेल, तर हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज पडत नाही. वय आणि पाळीवरूनच डॉक्टरांना समजतं. 'हार्मोन संतुलित करणाऱ्या' पावडरी आणि काढे विकायला येतात, त्यावर पैसे घालवू नका.

लोह कमी निघालं तर गोळ्या घ्याव्या लागतील. नुसत्या खाण्याने रिकामी कणगी भरत नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती उपकेंद्रात मोफत मिळते. किती घ्यायच्या ते डॉक्टर किंवा नर्सताई सांगतील. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा आणि दूध गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवून घ्या. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरेपर्यंत तीनेक महिने गोळ्या चालू ठेवतात. जोडीला शेवग्याचा पाला, हळीव, मोडाची मटकी, बाजरी, जमत असेल तर सुकट, मटण, कलेजी. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या काही भागांत सिकलसेल आढळतो. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. ते अगदी थोडं, योनीच्या आत आणि तोंडाशी लावायचं असतं. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक दिसायला काही आठवडे जातात. हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायचं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं.

घरी काय करायचं? त्या जागेला साबण, डेटॉल, गरम पाण्याचा शेक, पावडर काही नको. साधं पाणी पुरे. आत बोट घालून धुवायचं नाही. धुतल्यावर टिपून कोरडं करा, मग थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. संबंधाच्या वेळीही तेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल नको, त्याने निरोध फाटतो. आणि दुखत असताना 'आज नको' म्हणणं हा उपचाराचा भाग आहे, हे घरच्या माणसालाही सांगा. मेडिकलमधून विचारून आणलेली खाजेची मलमं महिनोन्‌महिने लावू नका. त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं आणि त्याने त्वचा आणखी पातळ होऊ शकते.

लोह भरलं, कोरडेपणा गेला, जंतू नाहीत, त्वचाही ठीक दिसते, आणि तरीही आग होते, असंही घडतं. तेव्हा त्या जागेच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. कधी भीतीने ओटीपोटाचे स्नायू आवळलेले राहतात. त्यावर नसांसाठी गोळ्या आहेत, स्नायू सैल करायचे व्यायाम आहेत. त्यातली काही औषधं मनाच्या आजारालाही देतात. ती लिहून दिली म्हणजे तुमचं दुखणं मनाचं आहे, असा अर्थ होत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. त्वचेवर पांढरे चट्टे आणि रात्री वाढणारी खाज, ओठ आक्रसत जाणं, न भरणारी जखम, गाठ, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त. यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पंधरा मिनिटं या विषयासाठी ठेवा. आशाताईंना बोलवा, सगळ्यांचं हिमोग्लोबिन कधी तपासायचं ते तिथेच ठरवा. आपलं स्वतःचं कुणी बोललं नाही तरी चालेल. पण कुणा एकीला तरी त्या दिवशी कळेल की आपल्या दुखण्याला कारण आहे, आणि त्यावर औषधही आहे.

नमस्कार.