शीघ्र हस्तक्षेप : काही शब्दांचे अर्थ

काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन एक बाई एका कचेरीत आल्या होत्या. मुलगी अद्याप बोलत नव्हती. लिपिकाने अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागितले. ते नव्हते, म्हणून बाई परत गेल्या. मी शेजारीच बसलो होतो. तपासणी आणि प्रमाणन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या लिपिकाला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही नव्हते.

प्राथमिक तपासणी ही एक चाळणी आहे. मुलाला काय झाले आहे हे ती सांगत नाही. कोणाकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे, एवढेच सांगते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाऊन हे काम करावे, असे ठरले. त्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. पुढचे सविस्तर मूल्यमापन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. प्रमाणपत्राचा आणि त्यातील ४० टक्क्यांच्या अटीचा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरा शब्द ‘विकासातील विलंब’. साधारण नवव्या महिन्यापर्यंत मूल आधाराशिवाय बसते, दोन वर्षांचे होईतो दोन शब्द जोडून बोलू लागते. तसे न घडल्यास त्याला विलंब म्हणतात. विलंब म्हणजे निदान नव्हे. काही मुले मागाहून बरोबरी गाठतात, काही गाठत नाहीत. आणि आपले मूल कोणत्या गटातले, हे घरबसल्या ओळखता येत नाही. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ हे आजीचे आश्वासन मायेचे खरे, पण कित्येकदा मुळात मुलाला ऐकूच येत नसते. म्हणून श्रवणतज्ज्ञांचा दंडक असा, की पहिल्या महिन्यात श्रवणाची तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ व्हावा. भाषेचा पाया मेंदूत पहिल्या काही वर्षांतच घातला जातो.

‘हस्तक्षेप’ हा शब्द मात्र मला आवडत नाही. त्याला लुडबुडीचा वास येतो. प्रत्यक्षात तज्ज्ञ आईवडिलांना काही साध्या गोष्टी शिकवितात : मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, न्हाऊ घालताना, भरविताना वस्तूंची नावे घ्यावी, आणि आपण बोलून झाल्यावर मुलाच्या पाळीची वाट पाहावी. तज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास भेटणार. उरलेला सारा वेळ मूल घरच्यांजवळच असते.

१९९५ च्या कायद्याच्या काळात ‘मतिमंद’ हा शब्द शासकीय कागदांवर सर्रास असे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ ही संज्ञा आणली आणि प्रकारांची संख्या सातांवरून २१ वर नेली. नाव बदलून काय होते, असे पुष्कळजण विचारतात. मला वाटते, होते. त्या जुन्या शब्दाच्या धास्तीने घरच्यांनी मुले दडवून ठेवली आणि ती तपासणीला आलीच नाहीत.

याच अधिनियमाने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. त्याआधीची सहा वर्षे अंगणवाडीच्या आणि रुग्णालयाच्या भरवशावर असतात. आज अशी आई समोर आली, तर मी प्रथम मुलाचे वय विचारतो, तेही महिन्यांत. आणि केंद्राचा पत्ता लिहून देतो.