वाफेचें पक्वान्न आणि विस्तवावरचें बदक

वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या गांवांत दिवेलागणीस एखाद्या हातगाडीवर लोखंडी कढई तापूं लागते आणि ‘चायनीज’ या तांबड्या पाटीभोंवतीं तरुणांचा घोळका जमतो. तळलेले गोळे, तांबडा रस्सा आणि परतलेल्या शेवया म्हणजेच चिनी भोजन, अशी समजूत आतां दृढ झाली आहे. वस्तुतः या गाडीवरील मांचुरियन चीनमधून आलेलें नाहीं. कलकत्त्यांत जन्मलेले चिनी वंशाचे पाकशास्त्री नेल्सन वांग यांनीं १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत आलें, लसूण, हिरवी मिरची व सोया यांच्या संयोगानें तें प्रथम सिद्ध केलें, असें सांगतात. तें रुचकर आहे यांत संशय नाहीं. परंतु त्यावरून चिनी पाकशाळेची परीक्षा करूं नये.

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतांत ‘चहा पिण्यास जाणें’ याचा अर्थच निराळा आहे. सकाळपासून दुपारपर्यंत कुटुंबेंच्या कुटुंबें चहागृहांत बसतात आणि चहासमवेत लहान लहान पदार्थ मागवितात. या पदार्थांस डिमसम म्हणतात; शब्दशः अर्थ ‘हृदयास स्पर्श’. वेळूच्या करंड्यांत तीन-चार नग वाफवून तसेच मेजावर येतात. कोळंबीचा हार गाव, माथ्याशीं उघडा ठेवलेला सिऊ मै, डुकराच्या भाजलेल्या मांसानें भरलेला पांढराशुभ्र बाव हे त्यांतील मुख्य. शेजाऱ्यानें पेल्यांत चहा ओतला म्हणजे दोन बोटें मेजावर हलकेच टेकून आभार मानावयाचे. तोंडांतील घांसास व चाललेल्या बोलण्यास खंड पडत नाहीं.

हार गावचें आवरण शिजल्यावर इतकें पारदर्शक होतें कीं, आंतील कोळंबीची लाली बाहेर दिसते. वऱ्हाडांतील गृहिणीस यांतील मर्म सांगावयास नको. उन्हाळ्यांत कुरडयांसाठीं गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढतात. तोच चीक शिजला म्हणजे कांचेसारखा चकाकतो. हार गावचें पीठ म्हणजे गव्हाचें असेंच निवळ सत्त्व. गव्हांतील चिवट अंश निघून गेल्यामुळें थंड पाण्यानें त्याचा गोळा बांधला जात नाहीं. म्हणून त्यावर उकळतें पाणी ओततात. उष्णतेनें सत्त्वाचे कण फुगतात, एकमेकांस धरून राहतात आणि पारी लाटतां येते. मोदकासाठीं तांदळाच्या पिठाची उकड काढतात, तीही याच कारणानें. मांसाशन न करणाऱ्या घरांत हीच पारी भाज्यांनीं भरतां येते. तत्त्व बदलत नाहीं.

वाफेचें काम घटकेंत होतें. बदकाचें तसें नाहीं. पेकिंग नगरीच्या सुप्रसिद्ध पद्धतींत बदकाच्या कातडी व मांस यांमध्यें हवा भरतात, म्हणजे तीं एकमेकांपासून सुटतात. नंतर उकळत्या पाण्यानें कातडी आकसवितात, तीवर यवशर्करेचा पातळ लेप देतात व बदक वाऱ्यावर टांगून सुकवितात. भट्टींत टांगल्यावर कातडीखालची चरबी वितळून निथळते, साखर तांबूस होते आणि कातडी पापडासारखी कुरकुरीत बनते. १८६४ सालीं स्थापन झालेल्या च्वानज्युदे या उपाहारगृहानें फळझाडांच्या लांकडांवर असें बदक भाजण्याची रीत लोकप्रिय केली. पातळ पोळीवर गोडसर लेप लावून, कांद्याची पात व काकडी यांसह त्याच्या चकत्या गुंडाळून खातात. ग्वांगडोंगी पद्धतींत मात्र मसाला बदकाच्या पोटांत भरून तें भाजतात आणि हाडांसकट तुकडे करून वाढतात.

ही विद्या भारतांत ज्यांनीं आणली, त्यांचें स्मरण ठेवणें अवश्य आहे. मुंबईस माझगांवांत १९१९ सालचें चिनी देवालय आहे. कुलाब्याचें नानकिंग व चर्चगेटचें कामलिंग हीं उपाहारगृहें जुन्या मुंबईकरांस परिचित होतीं. कलकत्त्याच्या टिरेटा बाजारांत अजूनही सकाळीं सिऊ मै व बाव मिळतात. विकणारे मात्र थोडे उरले आहेत. याचें एक कारण कटु आहे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारें ३,००० रहिवाशांस, मुख्यतः ईशान्य भारत व बंगाल येथून उचलून, राजस्थानांतील देवळीच्या छावणींत स्थानबद्ध केलें गेलें. त्यांत स्त्रिया व मुलें होतीं; कित्येकांचा जन्म याच भूमींतला होता. कांहींची सुटका होण्यास वर्षें लागलीं, आणि परतल्यावर घरदार व दुकान हातीं न लागल्यानें अनेकांनीं देश सोडला.

युद्ध राज्याराज्यांत होतें. चूल मात्र घराघरांत विझते. मुंबईस गेलेल्या वाशीमच्या एखाद्या कुटुंबानें वेळूच्या करंडीचें झांकण उघडावें, पारदर्शक पारींत घरच्या कुरडईचा चीक ओळखावा, आणि ती आपल्यापर्यंत आणणाऱ्या माणसांचीही क्षणभर ओळख पटवून घ्यावी. ‘हृदयास स्पर्श’ या नांवाचें सार्थक तेवढ्यानें होईल.