नोकरीत राहून नोकरीचा शोध

तालुक्याच्या गावातील एका विनाअनुदानित शाळेतील शिक्षिका सोमवारच्या किरकोळ रजेचा अर्ज देते. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ असे लिहिते. सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने ती जिल्ह्याच्या गावी जाते आणि पिशवीत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती घेऊन दुसऱ्या एका शाळेच्या व्हरांड्यातील बाकावर मुलाखतीसाठी बसते. थोड्या वेळाने त्याच बाकावर तिच्याच शाळेतील गणिताचे शिक्षक येऊन बसतात. ‘बाई, तुम्हीसुद्धा?’ ‘सर, कुणाजवळ बोलू नका.’ एवढेच संभाषण होते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दोघेही त्या प्रवासाविषयी चकार शब्द काढीत नाहीत.

नोकरदारांच्या जगात असे प्रसंग अपवादात्मक नव्हेत. पतपेढीतील कारकून, कारखान्यातील हिशेबनीस, हिंजवडीच्या संगणक कंपनीतील अभियंता, तासिका तत्त्वावर शिकविणारा प्राध्यापक, हे सर्वजण कधी ना कधी या वाटेने जातात. तपशील तेवढे बदलतात. पूर्वी टपालाने येणारे मुलाखतीचे पत्र कचेरीच्या पत्त्यावर येऊ नये म्हणून मित्राचा पत्ता दिला जाई. आता भ्रमणध्वनी वाजला की माणूस जिन्यात जाऊन हलक्या आवाजात बोलतो. परंतु मनातील अपराधाची भावना तीच राहिली आहे. आपण ज्याचे खातो त्याच्याच पाठीमागे काही करीत आहोत, असे त्याला वाटत राहते. ही भावना कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावयास हवा. कारण तिच्यापायी अनेक माणसे अपुऱ्या वेतनावर आणि अपमानास्पद वागणुकीत वर्षानुवर्षे राहतात.

मीठ आणि मोबदला

या भावनेचे मूळ ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ या जुन्या संस्कारात आहे. जेथे धनी आश्रितास अन्न, वस्त्र आणि निवारा देई, त्याच्या मुलाबाळांच्या लग्नकार्याची काळजी वाही आणि म्हातारपणी त्याला वाऱ्यावर सोडीत नसे, तेथे या संस्कारास अर्थ होता. निष्ठा तेथे दोन्ही बाजूंनी अपेक्षित होती. आजची नोकरी हा करार आहे. महिनाभर केलेल्या कामाचा मोबदला महिन्याच्या अखेरीस मिळतो, म्हणजे वस्तुतः कामगारच मालकाला महिनाभर उधार देत असतो. अशा वेतनाला ‘मीठ’ म्हणणे म्हणजे कराराला उपकाराचे रूप देणे होय. मालकाला मंदी आली की कामगार कमी करण्याचा अधिकार त्याला करारातूनच मिळतो आणि त्या वेळी मिठाची आठवण कोणी काढीत नाही.

यावर असे विचारले जाते की, जावयाचेच असेल तर माणसाने उघडपणे राजीनामा द्यावा आणि मग शोध घ्यावा, लपवाछपवी कशाला? हा प्रश्न सरळ दिसतो, पण तो विचारणाऱ्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता नसावा. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, हे व्यवहारज्ञान येथे अर्थशास्त्रालाही मान्य आहे. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६२ साली श्रमबाजारातील माहितीविषयी जो विवेचक निबंध लिहिला, त्यात त्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली. एकाच प्रकारच्या कामाला वेगवेगळे मालक वेगवेगळे वेतन देतात, कारण कोण किती देतो हे समजण्यासाठी वेळ आणि पैसा खर्च करावा लागतो. शोध हीच एक खर्चाची बाब आहे. हा खर्च ज्याला सोसवतो तो थांबू शकतो, चार ठिकाणी विचारू शकतो, नकार देऊ शकतो. ज्याचे उत्पन्न बंद झाले आहे त्याला पहिल्या मिळेल त्या नोकरीला होकार द्यावा लागतो. या शोधप्रक्रियेच्या अभ्यासाची थोरवी पुढे इतकी मान्य झाली की, २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस या तिघांना त्यासाठीच देण्यात आले.

शिवाय बेकार माणसाकडे पाहण्याची मालकाची दृष्टीही वेगळी असते. अर्जदाराच्या सेवाकाळात सहा महिन्यांचा खंड दिसला की त्याच्यात काही उणे असावे, असा तर्क केला जातो. उमेदवार खरोखर कसा आहे हे मुलाखतीच्या वीस मिनिटांत कळत नाही. म्हणून ‘सध्या नोकरीत आहे’ हीच त्याच्या लायकीची खूण मानली जाते. ज्या समाजात मालकच नोकरीत असलेल्यांना पसंती देतात, त्या समाजात नोकरीत राहून शोध घेणाऱ्याला दोष देणे न्यायाचे नाही.

मालकाची गुप्तता

गुप्ततेचा आरोप केवळ नोकरावर होतो, ही तर अधिकच नवलाची गोष्ट आहे. वर्तमानपत्रांत ‘पाहिजेत’ या सदराखाली बॉक्स नंबरच्या जाहिराती वर्षानुवर्षे येत असत. अर्जदाराने नाव, वय, शिक्षण, सध्याचे वेतन असे सर्व काही कळवावयाचे. जाहिरात देणाऱ्याने मात्र आपले नावही सांगावयाचे नाही. अशा जाहिरातीला अर्ज पाठवावा आणि ती आपल्याच कचेरीची निघावी, ही भीती अनेकांनी अनुभवली असेल. बॉक्स नंबरला कोणी कपट म्हटले नाही. तो व्यवहाराचा भाग मानला गेला. आजही असंख्य जाहिरातींत वेतनाचा आकडा नसतो. ‘पात्रतेनुसार’ एवढाच शब्द असतो. एखाद्याच्या जागी दुसरा माणूस नेमण्याच्या हालचाली त्याला कळविल्याविना सुरू असतात. मालकाची गुप्तता ती दूरदृष्टी आणि नोकराची ती कृतघ्नता, असा हा दुहेरी न्याय आहे.

मालक एकमेकांत मूक संगनमत करून वेतन वाढू देत नाहीत, हे ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालीच नोंदवून ठेवले आहे. ही गोष्ट जुनी झाली असे समजण्याचे कारण नाही. एकमेकांचे अभियंते फोडावयाचे नाहीत असा समझोता अमेरिकेतील काही अग्रगण्य संगणक कंपन्यांनी केल्याबद्दल तेथील न्याय खात्याने २०१० साली कारवाई केली. त्या अभियंत्यांनी लावलेल्या दाव्यात २०१५ साली ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. जगातील अत्यंत कुशल माणसांनाही ज्या संगनमताची झळ लागली, तेथे तालुक्याच्या गावातील शिक्षिकेची काय कथा! जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात श्रमाचा एकच खरेदीदार असलेल्या बाजाराचे विश्लेषण केले. गावात दोनच शाळा असतात आणि दोन्हींचे चालक एकमेकांस ओळखतात, तेव्हा जवळजवळ तीच स्थिती निर्माण होते. अशा ठिकाणी नोकराजवळ सौदा करण्याचे एकच साधन उरते : ‘मी दुसरीकडे जाऊ शकतो.’ ते साधन वेळेआधी उघड झाले तर बोथट होते. या शोधाचा लाभ जाणाऱ्यालाच होतो असेही नव्हे. चार माणसे जाऊ शकतात हे दिसले की उरलेल्यांचे वेतन आणि वागणूकही सुधारते.

कायदा काय सांगतो

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे कोणासही कायदेशीर व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. त्यामुळे नोकरी सुटल्यानंतरही प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये, अशा अटी आपल्या न्यायालयांनी सामान्यतः अमलात आणू दिलेल्या नाहीत. नोकरीची मुदत चालू असतानाची गोष्ट निराळी. कल्याणच्या एका कारखान्यात टायरच्या धाग्याचे तंत्र शिकलेला एक तंत्रज्ञ पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून राजस्थानातील दुसऱ्या कंपनीत गेला, तेव्हा उरलेल्या मुदतीपुरते त्याला रोखणे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली योग्य ठरविले. किमान तीन वर्षे सेवा, अन्यथा दोन लाख रुपये, ही एका राष्ट्रीयीकृत बँकेची अटही त्याच न्यायालयाने २०२५ साली वैध मानली. म्हणजे दिलेला शब्द मोडल्याची किंमत द्यावी लागते. परंतु अर्ज करणे, मुलाखतीस जाणे, विचारपूस करणे म्हणजे शब्द मोडणे नव्हे. या दोहोंतील भेद पुष्कळदा मालक विसरतो आणि भिडस्त नोकरही विसरतो.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनास पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असे त्याचे कलम ७ सांगते. इतका बारीक तपशील कायद्यात यावा यावरून पूर्वी राजीनामे कसे घेतले जात असतील, याची कल्पना येते. १९८१ च्या नियमांनुसार राजीनामा देताना कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि इतरांनी एक महिन्याची सूचना द्यावयाची असते. व्यवस्थापनाला पर्यायी व्यवस्था करता यावी यासाठीच ही मुदत आहे. मग त्यापूर्वीच्या शोधाचीही वार्ता त्याला मिळाली पाहिजे, हा आग्रह कायद्याच्या पलीकडचा आहे.

याउलट सरकारी नोकरीत उघडपणाची वाट आहे. तेथे अर्ज ‘योग्य मार्गाने’ पाठविता येतो आणि ना हरकत प्रमाणपत्र मागता येते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ ज्यांना लागू आहेत, त्यांची आधीची सेवा राजीनाम्याने सामान्यतः गमावली जाते. पण रीतसर परवानगीने शासनाच्याच दुसऱ्या पदावर जाण्यासाठी राजीनामा दिला, तर ती जोडून मिळते. त्यामुळे तेथे परस्पर अर्ज करणारा कारकून स्वतःचेच नुकसान करून घेतो. या मार्गात विलंब आणि अडवणूक नाही असे नव्हे. टेबलावरचे पाकीट अंतिम तारीख उलटेपर्यंत तेथेच पडून राहिल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. तरीसुद्धा ज्याला सांगितल्याने हानी होत नाही, लाभच होतो, तो माणूस सांगतो. गुप्तता स्वभावातून येते त्यापेक्षा अधिक भीतीतून येते, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

गुप्ततेच्या मर्यादा

गुप्ततेचा हक्क मान्य केला म्हणजे सर्व काही क्षम्य ठरते, असे मात्र नाही. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. हक्काच्या रजेला ‘खाजगी काम’ एवढे कारण पुरते. त्यासाठी घरातील कोणाला आजारी पाडण्याची गरज नाही. कामाच्या वेळेत, कचेरीच्या यंत्रावर आणि कचेरीच्या कागदावर अर्ज टंकलिखित करणे हा मोबदला घेतलेल्या वेळेचा अपहार आहे. ग्राहकांच्या याद्या, प्रश्नपत्रिका, हिशेबाच्या नकला बरोबर नेणे तर उघडउघड चोरी होय. जाण्याचा विचार नसताना दुसऱ्याचे नेमणूकपत्र नाचवून पगार वाढवून घेणारा त्या दुसऱ्याचीही फसवणूक करतो. आणि दहावीचा वर्ग निम्म्यावर टाकून जाणाऱ्या शिक्षकाने मुलांचे काय, याचे उत्तर स्वतःला द्यावयास हवे. सत्राच्या अखेरीस निघण्याइतका संयम तो पाळू शकतो.

व्यवहाराच्याही दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. नवे नेमणूकपत्र लेखी हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. तोंडी आश्वासनावर निघालेल्यांची स्थिती धरले तर चावते, सोडले तर पळते अशी होते. दुसरे असे की, उपदानासाठीची पाच वर्षांची अट १९७२ च्या कायद्यापासून चालत आली आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नियमित नोकरासाठी ती कायम आहे. चार वर्षे आणि काही महिने झालेल्याने निघण्याची तारीख ठरविण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

खरी सुधारणा मालकांच्या हाती आहे. जाणाऱ्याचे अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र अडवून ठेवणे, नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे ताब्यात घेणे, अर्ज केल्याचा सुगावा लागताच गैरसोयीचे वेळापत्रक लावणे, हे प्रकार जोवर चालतात तोवर लोक लपूनच शोध घेणार. संगणक कंपन्यांतून तीन महिन्यांची सूचना मागितली जाते. नव्या मालकाला मात्र माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. या ओढाताणीत सापडलेला तरुण कोणाशीच मोकळेपणाने बोलू शकत नाही. राजीनामा दिलेल्याचे थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, अशी तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे. तिचे पालन झाले, दोन्ही बाजूंना सूचनेची मुदत सारखी राहिली आणि जाहिरातीत वेतनाचा आकडा छापला गेला, तरी बरीचशी लपवाछपवी अनावश्यक होईल.

त्या शिक्षिकेची नेमणूक झाली आणि एप्रिलमध्ये तिने राजीनाम्याची एक प्रत टपालात टाकली, तर संस्थेचे चालक तिला बोलावून विचारतील, ‘बाई, आधी सांगितले का नाही?’ प्रश्नात खेद असेल, कदाचित खराही असेल. परंतु मागील वर्षी ज्याने आधी सांगितले होते, त्या शिक्षकाचे पुढे काय झाले, हे शाळेतील प्रत्येकाला ठाऊक असते. चालकांनी ते आठवून पाहावे.